कर्जातून सावरताना मुलांची फी : हीसुद्धा तारखेची हुंडीच

कोल्हापूरच्या कापड व्यापाऱ्याला २०१९ ते २०२१ ही वर्षे नव्याने सांगायला नकोत. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पलीकडे गेले. धोक्याची पातळी तेथे ४३ फुटांची आहे. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, लक्ष्मीपुरी या भागात पाणी शिरले, पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि त्याच आठवड्यात, १२ ऑगस्टला, बकरी ईद आली. ईदसाठी भरलेला माल ज्यांचा खालच्या फळीवर होता, त्यांचा तो तेथेच भिजला. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. लगीनसराई गेली, २५ मे २०२० ची रमजान ईद बंद शटरआड गेली. २०२१ ची रमजान ईदही निर्बंधांतच झाली. त्या वर्षी बकरी ईद २१ जुलैला झाली आणि दोनच दिवसांत पंचगंगा पुन्हा ५५ फुटांच्या वर गेली. दोन वर्षांत चार ईदांचा हंगाम हातचा गेला. कापडाच्या धंद्यात वर्षाची कमाई याच हंगामांवर उभी असते.

या काळात बँकांनी मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते लांबवून दिले. हप्ते थांबले, पण व्याज थांबले नाही. ज्यांना बँक दारात उभी करीत नव्हती, त्यांनी खासगीत शेकड्याने पैसे उचलले, दागिने गहाण टाकले, भावाकडून, मेहुण्याकडून हातउसने घेतले. आज त्यातले बरेच जण पुन्हा उभे राहिले आहेत. दुकान चालते, हप्ते जातात, पण पाठीवर जुने ओझे आहे. आणि २०१९ साली पाचवी-सहावीत असलेली मुले-मुली आज कॉलेजच्या उंबरठ्यावर आली आहेत.

अशा घरात दोन प्रकार दिसतात. पहिला प्रकार असा की, बारावी झाली की मुलाला गल्ल्यावर बसवायचे आणि मुलीचे शिक्षण तेथेच थांबवायचे, “आधी देणे फिटू दे” म्हणून. दुसरा प्रकार याच्या उलट. चार लोकांत मान राहावा म्हणून झेपत नसलेल्या कॉलेजात भरमसाट फी भरून प्रवेश घ्यायचा आणि त्यासाठी पुन्हा शेकड्याने पैसे उचलायचे. पहिल्या प्रकारात मुलाची वर्षे जातात, ती परत मिळत नाहीत. दुसऱ्यात घर पुन्हा त्याच खड्ड्यात जाते.

आमचे म्हणणे असे की, दोन्हींचे मूळ एकच आहे. मुलांची फी आपण हिशेबात धरतच नाही. घाऊक व्यापाऱ्याचे बिल, बँकेचा हप्ता, दुकानाचे भाडे यांना तारीख असते, म्हणून ते लक्षात राहतात. फी मात्र जून-जुलै उजाडला की अचानक आली असे वाटते. वास्तविक तिची तारीख आपल्याला दोन-दोन वर्षे आधी ठाऊक असते. ही सुद्धा एक हुंडीच आहे, मुदतीची. ती वटवायची असेल तर आजपासून खतावणीत तिचे खाते उघडले पाहिजे.

सर्व देणे एका वहीत

सुरुवात वहीपासून करावी. कुरआनमधील सर्वांत लांब आयत, सूरे बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबाबत आहे, हे आपण सर्व जाणतो. दुकानात आपण तो नियम पाळतो, घरच्या कर्जाबाबत मात्र तो विसरला जातो. भावाकडून घेतलेले तोंडी असते, गहाण दागिन्याची पावती कपाटात कोठे तरी असते, सावकाराकडे किती गेले ते त्यालाच ठाऊक असते.

एका पानावर सहा रकाने आखावेत. कोणाचे देणे, मूळ रक्कम किती, आजवर किती दिले, मुद्दल किती बाकी, महिन्याला व्याज किती आणि तारण काय. ज्यांचे व्याज नाही त्यांचेही लिहावे. या पानाच्या शेवटी एक ओळ मुलाच्या नावाची असावी. पहिल्या वर्षाची फी, अंदाजे रक्कम, तारीख जून-जुलै. ती ओळ तेथे आली की मुलगाही देणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहिला, असे समजावे. पुढचे सर्व नियोजन या पानावरून होते.

कोणाचे आधी फेडावे?

बहुतेक लोक जो जास्त तगादा लावतो त्याला आधी देतात. हे चूक आहे. ज्याचे व्याज जास्त त्याचे आधी फेडले पाहिजे.

शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. एक लाख रुपये घेतले तर महिन्याला तीन हजार व्याज. तीन वर्षे नियमाने भरले तर १ लाख ८ हजार रुपये गेले आणि मुद्दल लाखाचे लाख शिल्लक राहिले. तीन वर्षे म्हणजे एका पदवीचा काळ.

येथे कायदाही माहीत असावा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली अमलात आला. सावकारीला परवाना लागतो. या कायद्याखाली शासनाने बिगरशेतकरी कर्जदारासाठी व्याजाची कमाल मर्यादा तारणी कर्जाला वर्षाला १५ टक्के आणि विनातारण कर्जाला १८ टक्के ठरवून दिली. म्हणजे शेकडा सव्वा आणि शेकडा दीड. चक्रवाढ लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. जाच होत असेल तर तक्रार सहकार खात्याकडे, म्हणजे तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. पावती न घेता पैसे देऊ नयेत. कोरा चेक आणि कोरा स्टॅम्प कोणालाही देऊ नये.

हप्त्यावर कर्ज देणाऱ्या काही संस्था ‘फ्लॅट’ दर सांगतात, तेथेही सावध राहावे. एक लाख रुपये, १२ टक्के फ्लॅट, दोन वर्षे मुदत, म्हणजे व्याज २४ हजार आणि हप्ता ५,१६७ रुपये. ऐकायला १२ टक्के बरे वाटते. परंतु मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर लावले जाते, म्हणून खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. घटत्या शिलकीवर खरोखर १२ टक्के असते तर हप्ता ४,७०७ रुपये आला असता. दर विचारताना “फ्लॅट की घटत्या शिलकीवर?” हा प्रश्न आधी विचारावा.

महिलांच्या गटाचे मायक्रोफायनान्सचे हप्ते घरात असतील तर तेही वहीत आणावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा कर्जदार कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत आणि या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी व संध्याकाळी ६ नंतर दारात येता येत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवावा. शेकड्याचे खासगी देणे प्रथम. बँकेचा हप्ता चुकू द्यायचा नाही, कारण त्याचा संबंध पुढे मुलाच्या शैक्षणिक कर्जाशी येतो, ते खाली सांगितले आहे. गहाण दागिने त्यानंतर. दागिना ही घरच्या बाईची मालमत्ता आहे, मेहरचा असो की माहेरचा. तो विकायचा की सोडवायचा, हे तिच्या मर्जीनेच ठरावे. घाऊक व्यापाऱ्याची बिनव्याजी बाकी आणि नातलगांचे कर्ज-ए-हसना यांना थोडे थोडे, पण ठरल्या तारखेला दिले पाहिजे. बिनव्याजी आहे म्हणून त्याला शेवटी टाकणे बरोबर नाही. ज्याने अडचणीत व्याज न घेता दिले, त्याचा विश्वास हेच आपले उद्याचे भांडवल आहे.

एका घराचा हिशेब

समजण्यासाठी एक काल्पनिक घर घेऊ. छोटे कापड दुकान, घरात पाच माणसे, मुलगी अकरावीत. दुकानातून सर्व खर्च जाऊन महिन्याला ३२ हजार रुपये घरी येतात. घरखर्च साडेसोळा हजार. देणे असे : बँकेचे ३ लाख २० हजार, हप्ता ८,४००. खासगी शेकडा तीनने ८० हजार, व्याज २,४००. दागिन्यांवर ६० हजार, शेकडा एकप्रमाणे ६००. गांधीनगरच्या घाऊक व्यापाऱ्याची जुनी बाकी दीड लाख आणि भावाचे एक लाख, दोन्हींवर व्याज नाही. एकूण देणे ७ लाख १० हजार.

घरखर्च, बँकेचा हप्ता आणि दोन्ही व्याजे गेली की हातात ४,१०० रुपये उरतात. एवढ्यात घाऊक व्यापाऱ्याला काय द्यायचे, भावाला काय द्यायचे आणि फीला काय ठेवायचे? म्हणून अशा घरात फीचा विचारच कोणी करीत नाही.

आता दुकानात पाहू. प्रत्येक कापड दुकानात माळ्यावर पडून राहिलेला माल असतो. जुन्या डिझाइनच्या साड्या, कटपीस, रंग उतरलेले तागे. समजा या दुकानात असा माल खरेदी किमतीने १ लाख १० हजारांचा आहे. तो सेल लावून ८० हजारांत काढला. व्यापारी म्हणेल, ३० हजारांचा तोटा झाला. परंतु त्या ८० हजारांत शेकड्याचे सर्व मुद्दल फिटले आणि महिन्याचे २,४०० रुपये वाचले. साडेबारा महिन्यांत तो ३० हजारांचा तोटा भरून निघाला. माल माळ्यावर ठेवला असता तर तो आणखी जुना झाला असता आणि व्याज मात्र चालूच राहिले असते.

आता महिन्याला साडेसहा हजार उरतात. त्याचे वाटप असे : फीच्या खात्यात ३ हजार, घाऊक व्यापाऱ्याला २ हजार, भावाला १ हजार, अडीअडचणीला ५००. वीस महिन्यांत फीचे ६० हजार उभे राहतात. घाऊक व्यापाऱ्याचे ४० हजार आणि भावाचे २० हजार फिटतात. मुलगी बारावी होईपर्यंत देणे कमी झालेले असते आणि फीसाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील. रीत हीच राहील.

यासाठी एक गोष्ट मात्र पाळावी लागते. गल्ल्यातून घरखर्चाला रोज उचलणे बंद करावे. महिन्याच्या एका तारखेला दुकानाने मालकाला पगार द्यावा, तसे ३२ हजार काढून घरात द्यावेत, आणि त्यानंतर गल्ल्याला हात लावू नये. घर आणि दुकान एकाच गल्ल्यावर चालते तोवर कोणती बचत झाली आणि कोणते भांडवल खाल्ले गेले, हे कळत नाही. बचतीतली सर्वांत मोठी जागा लग्न-समारंभात आहे, हे वेगळे सांगायला नको. इस्राफ टाळा असे आपण एकमेकांना सांगत असतोच. या दोन वर्षांत तो आपल्या घरापासून टाळावा.

घाऊक व्यापाऱ्याशी बोलणे

जुन्या बाकीमुळे अनेक जण त्या पेढीकडे जाणेच सोडतात, दुसरीकडून रोखीने महाग माल घेतात. यात दोन्हीकडून नुकसान होते. तोंड चुकवू नये. समोर जाऊन स्पष्ट बोलावे : “शेठ, तुमचे दीड लाख देणे आहे, ते नाकारत नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला दोन हजार आणून देतो. नवीन माल रोखीने नेतो. जुन्याची बाकी वेगळ्या पानावर लिहा.” धंद्यात बसलेला माणूस मोठ्या वायद्यापेक्षा छोटी पण चुकत नसलेली तारीख पसंत करतो. रक्कम अशीच सांगावी की जी पावसाळ्यातल्या मंदीतही देता येईल.

त्याचप्रमाणे आपले येणेही वसूल करावे. जे कारागीर आहेत, मागवाले, शिलाईवाले, जरीकामवाले, चप्पल बनवणारे, त्यांनी ‘उद्यम’ नोंदणी जरूर करावी. ती मोफत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत सूक्ष्म व लघू उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावयाचे असतात. मुदतीत न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च आयकरात त्या वर्षी दाखवता येत नाही, अशी तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू आहे. त्यामुळे बिल पक्के असेल तर मागणीला आता वजन आले आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला ही तरतूद लागू होत नाही, त्याने आपली उधारी ३० दिवसांच्या वर जाऊ न देणे हाच उपाय.

फीचा खरा आकडा काढा

आता शिक्षणाच्या बाजूकडे वळू. अनेक पालक ऐकीव आकड्याने घाबरतात. खर्चाचे चार भाग करावेत : कॉलेजची फी, राहणे-खाणे, प्रवास-पुस्तके आणि क्लास. पुष्कळदा फीपेक्षा राहणे-खाणे जास्त होते.

ही गोष्ट कोल्हापूरने फार पूर्वी ओळखली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून येथे निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली. १९०६ साली मोहम्मेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले आणि त्यातून दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. खेड्यातील गरीब मुलाला शाळा असून उपयोग नाही, शहरात दोन वेळचे जेवण आणि निजायला जागा असेल तरच तो शिकेल, हे त्यामागचे व्यवहारी शहाणपण होते. आज आपल्याला त्यातून हा धडा घेता येतो की, घरातून जाऊन-येऊन करता येईल असे चांगले कॉलेज आधी पाहावे, मग दूरचे.

कोल्हापूर जिल्ह्यात अशी सोय भरपूर आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून येथे आहे आणि तेथे ‘कमवा व शिका’ योजनाही आहे. राजाराम महाविद्यालय शासकीय आहे. वस्त्रोद्योगातील मुलांसाठी इचलकरंजीत डीकेटीई ही संस्था १९८२ पासून आहे. आपल्या धंद्याचेच शास्त्र शिकलेला मुलगा घरात असणे ही छोटी गोष्ट नव्हे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचा मार्गही आहे. मध्येच अडचण आली तरी हातात डिप्लोमा राहतो.

क्लासच्या बाबतीत जाहिरातींनी भुलू नये. ज्यांच्याकडे ओबीसीचा दाखला आहे अशा मुलांसाठी नागपूरची ‘महाज्योती’ ही शासकीय संस्था जेईई, नीट व सीईटीचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देत आली आहे. दहावीचा निकाल लागला की तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे.

दाखले हेच पैसे

आमच्या पाहण्यात असे येते की, आपल्या समाजातील मुलांची सवलत बहुधा कागदावाचून जाते. मोमीन, अत्तार, बागवान, तांबोळी, मणियार, पिंजारी, मुलाणी अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. परंतु जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर हे तिन्ही हातात नसतील तर त्या यादीचा उपयोग नाही. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनी जन्म-मृत्यू नोंद वगैरे. तो शोधायला महिने लागतात. अकरावीला प्रवेश झाला की लगेच कामाला लागावे. जे ओबीसीत येत नाहीत त्यांनी उत्पन्न मर्यादेत बसत असल्यास ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. तो धर्म पाहून दिला जात नाही.

दुसरी अडचण नावाची. उर्दू शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, वडिलांच्या रेशनकार्डावर तिसरे. कोठे मोहम्मद, कोठे मुहम्मद, कोठे नुसते मो. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, त्यामुळे हा घोळ आम्हाला चांगला परिचयाचा आहे. दहावीचा फॉर्म भरतानाच सर्व कागदांवर नाव एकसारखे करून घ्यावे. नंतर गॅझेट करीत बसण्यात प्रवेशाची तारीख निघून जाते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, डोमिसाईल आणि आधारशी जोडलेले मुलाचे बँक खाते हेही आधीच तयार ठेवावे.

आता सवलती. ‘राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती’ या राज्याच्या योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास खुल्या प्रवर्गातील पात्र विद्यार्थ्यांच्या शिक्षण शुल्काचा ५० टक्के भार शासन उचलते. मुलींसाठी तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठे दार उघडले. ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी प्रवर्गातील, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत मिळाली. अट अशी की, प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती लागू नाही. म्हणजे “मुलीला एवढे शिकवून काय करायचे, परवडत नाही” या वाक्यातील दुसरा अर्धा भाग आता पुष्कळ घरांत खरा राहिलेला नाही. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर दर वर्षी करावा लागतो. अल्पसंख्याकांसाठीच्या राज्य शिष्यवृत्तीचे अर्जही तेथेच असतात. सवलत आधीच वजा होते की भरून परत मिळते, हे कॉलेजच्या कार्यालयात विचारूनच आपला आकडा धरावा. सवलत असली तरी इतर शुल्क राहतेच, म्हणून फीचे खाते बंद करू नये.

शैक्षणिक कर्ज घ्यावे काय?

व्याजाच्या प्रश्नामुळे पुष्कळ घरे हा मार्ग टाळतात. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. आमचे सांगणे क्रमाचे आहे. प्रथम सवलत, नंतर आपली बचत, नंतर जमात किंवा नातलगांकडून कर्ज-ए-हसना, आणि सर्व दारे बंद झाली तरच बँक. खासगी शेकड्याच्या पैशातून फी कधीही भरू नये.

बँकेकडे जावयाचे असेल तर एवढे माहीत असावे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेला तारण मागता येत नाही. परंतु आई किंवा वडील सहकर्जदार असतात आणि त्यांचा सिबिल अहवाल पाहिला जातो. पूरकाळातले कर्ज ज्यांनी एकरकमी तडजोडीने मिटवले, त्यांच्या नावापुढे पुष्कळदा ‘सेटल्ड’ असा शेरा असतो. तो ‘क्लोज्ड’ नव्हे. बँक त्याकडे संशयाने पाहते. म्हणून आपला अहवाल आजच काढून पाहावा, तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. उरलेली रक्कम भरून शेरा बदलत असेल तर बँकेशी लेखी बोलावे, ‘नो ड्यूज’चे पत्र घ्यावे. अहवालात चूक असेल तर तक्रार करून दुरुस्त करून घ्यावी. याला वेळ लागतो, म्हणूनच ऐन प्रवेशाच्या वेळी हे होत नाही. आईच्या नावे स्वच्छ खाते व उत्पन्न असेल तर तिला सहकर्जदार करण्याबाबत विचारता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्जाची सोय आहे, तीही पाहावी. शिकत असतानाही व्याज चढत असते, हे मात्र विसरू नये.

भिशी फीच्या महिन्याला लावा

बचत घरात टिकत नाही, ही सर्वांची तक्रार. कोल्हापुरात गल्लोगल्ली भिशी चालते. तिचा येथे चांगला उपयोग आहे. वर सांगितलेले तीन हजार वीस जणांच्या भिशीत टाकले तर एका वेळी ६० हजार हातात येतात. मात्र भिशी लिलावाची नसावी, तीत पैसे तोडून घ्यावे लागतात. सरळ पाळीची असावी आणि सुरुवातीलाच सांगून आपली पाळी जूनमध्ये घ्यावी. पाच-सहा घरे अकरावी-बारावीच्या मुलांची असतील तर त्यांनी मिळून फीचीच भिशी करावी. माणसे ओळखीची असावीत, वही सर्वांना दिसावी आणि एकाच भिशीवर सर्व फी अवलंबून ठेवू नये.

मुलाला हिशेबाला बसवा

शेवटची गोष्ट पैशाची नाही, तरी पैशाइतकीच मोलाची आहे. कर्जाची गोष्ट मुलांपासून लपवली जाते. परंतु अब्बांचा फोन वाजला की घर गप्प का होते, हे सोळा वर्षांच्या मुलाला कळत असते. न सांगितल्याने तो मनात जास्त मोठा आकडा धरतो. काही मुले त्यातून गुपचूप शिक्षण सोडण्याचे ठरवतात, काही जण अवाजवी हट्ट करतात, कारण त्यांना खरी परिस्थितीच माहीत नसते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी अब्बा, अम्मी आणि मुलांनी मिळून ती वही उघडावी. अर्धा तास पुरे. या महिन्यात किती फिटले, फीच्या खात्यात किती जमले, एवढेच पाहावे. त्याला त्याच्या नावाची ओळ दाखवावी. फॉर्मच्या तारखा, दाखल्यांची यादी, महाडीबीटीचा अर्ज ही कामे त्याच्याकडेच सोपवावीत. मोबाईलवर ती कामे त्याला आपल्यापेक्षा चांगली जमतात. मात्र देणे फेडण्याची जबाबदारी त्याच्या खांद्यावर टाकू नये. सुट्टीत दुकानात बसणे ठीक आहे, पण परीक्षेच्या तीन महिन्यांत त्याला गल्ल्यावर बोलावू नये. त्याचे काम अभ्यास आहे आणि आपले काम तारीख पाळणे.

बाजारात ज्याची हुंडी परत गेली, त्याची पत जाते. मुलाच्या नावे लिहिलेली ही हुंडीही तशीच आहे. ती वटवण्यासाठी जास्त कमाई लागतेच असे नाही. आज एक पान आखावे, त्यावर सर्व देणे लिहावे आणि शेवटच्या ओळीत मुलाचे किंवा मुलीचे नाव लिहून पुढे रक्कम आणि महिना टाकावा. या महिन्याचे पहिले पैसे त्या ओळीत जमा करावेत, मग ते पाचशे का असेनात.